दोन गोण्या, एकच लायसिन: खाद्यप्रतीच्या हायड्रोक्लोराइड आणि सल्फेट या दोन स्वरूपांचे परीक्षण

माझ्या प्रयोगशाळेतील टेबलावर दोन काचेच्या बशा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एकीत पांढुरक्या, किंचित पिवळसर झाक असलेल्या स्फटिकांचा ढीग आहे. चिमटीत घेतला तर तो कोरड्या बारीक वाळूसारखा सुळकन निसटतो. दुसरीत मोहरीएवढे, गडद तपकिरी, गोलसर दाणे आहेत, आणि बशी नाकाजवळ नेली की जळक्या साखरेचा व त्याखाली आंबलेल्या रसाचा मंद वास येतो. दोन्ही बशांत विकत घेतलेली मूळ वस्तू एकच आहे, ती म्हणजे किण्वनाने तयार केलेले एल-लायसिन, प्रथिनांचा घटक असलेले एक अमिनो आम्ल. पहिली वस्तू लायसिन मोनोहायड्रोक्लोराइड या नावाने येते आणि दुसरी लायसिन सल्फेट या नावाने. पशुखाद्य कारखान्यात खाद्यसूत्रे बसवणे आणि आलेल्या कच्च्या मालाची पारख करणे हे माझे काम असल्यामुळे ही दोन्ही स्वरूपे मी आलटूनपालटून वापरली आहेत, आणि त्यांच्यातील निवड केवळ गोणीवरचा आकडा पाहून करणे किती महागात पडते हे अनुभवले आहे. उत्पादकांची नावे मी येथे देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते कोणत्याही एका कंपनीपेक्षा या दोन स्वरूपांना अधिक लागू पडते.

लायसिन विकत का घ्यावे लागते, हे प्रथम थोडक्यात सांगते. मका हे कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यातील ऊर्जेचे मुख्य धान्य आहे, परंतु त्यात लायसिन जेमतेम 0.25 टक्के असते. ही उणीव सोयाबीनच्या पेंडीने भरून काढता येते, पण ती केवळ लायसिनसाठी वाढवत नेली तर नको असलेली इतर अमिनो आम्लेही बरोबर येतात. शरीर त्यांचा साठा करू शकत नाही; त्यांच्यातील नायट्रोजन मूत्रावाटे बाहेर टाकला जातो, शेडमधील हवेत अमोनिया होऊन तरंगतो आणि जनावरांच्या डोळ्यांना व फुप्फुसांना त्रास देतो. जुन्या जाणत्या आहारतज्ज्ञांचा एक हिशेब प्रसिद्ध आहे: 97 किलो मका आणि 3 किलो लायसिन हायड्रोक्लोराइड मिळून साधारण 100 किलो सोयापेंडीइतके लायसिन देतात. अर्थात हा हिशेब एकट्या लायसिनचा आहे, बाकीची अमिनो आम्ले वेगळी सांभाळावी लागतात. पण तीन किलोच्या पुड्यामागे केवढी शेतजमीन दडलेली असते याची कल्पना त्यावरून येते. खाद्यातील कच्च्या प्रथिनांचे प्रमाण एका टक्क्याने उतरवले आणि तुटीची अमिनो आम्ले बाहेरून दिली, तर विसर्जित होणारा नायट्रोजन आठ ते दहा टक्क्यांनी घटतो. या एका कारणासाठीही मी या उत्पादनाला मनापासून मान देते.

आता हे लायसिन किण्वनानेच का करावे लागते, हा प्रश्न. अमिनो आम्लांचे रेणू डावे आणि उजवे अशा दोन रूपांत असू शकतात, आणि सजीवांची प्रथिने फक्त एल रूपापासून बनतात. नेहमीच्या रासायनिक संश्लेषणातून दोन्ही रूपे निम्मी निम्मी मिळतात. मिथिओनिनच्या बाबतीत हे चालते, कारण प्राण्याचे शरीर डी-मिथिओनिनचे एल रूपात परिवर्तन करून घेते. म्हणूनच डीएल-मिथिओनिन हे रासायनिक उत्पादन असूनही खाद्यात सर्रास वापरले जाते. लायसिनच्या बाबतीत शरीराला ही सोय नाही. डी-लायसिन प्राण्याच्या उपयोगी पडत नाही, त्यामुळे रसायनशाळेत बनवलेले मिश्रण दिले तर अर्धा माल वाया गेला असे समजावे. जिवाणू मात्र केवळ एल-लायसिन बनवतो, आणि तेही साखर, अमोनिया व हवा यांच्या बळावर.

या जिवाणूची गोष्ट मला फार प्रिय आहे. 1956 मध्ये जपानमधील क्योवा हाक्को या कंपनीत शुकुओ किनोशिता आणि त्यांचे सहकारी ग्लुटामिक आम्ल (ग्लुटामेट) हे अमिनो आम्ल बाहेर टाकणाऱ्या सूक्ष्मजीवांचा शोध घेत होते. तोपर्यंत ग्लुटामेट मुख्यतः गव्हाच्या ग्लुटेनचे हायड्रोक्लोरिक आम्लात विघटन करून काढले जात असे. टोकियोतील उएनो प्राणिसंग्रहालयाच्या परिसरातील मातीच्या नमुन्यातून त्यांना जो जिवाणू मिळाला, तोच आज कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम म्हणून ओळखला जातो. त्याला बायोटिन हे जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही. माध्यमात बायोटिन जेमतेम ठेवले तर त्याच्या पेशीचे आवरण बदलते आणि ग्लुटामेट आत न साठता बाहेर पाझरू लागते. कोणताही शहाणा जीव आपली अमिनो आम्ले अशी उधळून देत नाही. हा देतो, आणि त्याच्या या एका स्वभावावर संपूर्ण उद्योग उभा राहिला.

लायसिनसाठी एवढे पुरेसे नव्हते. पेशीत ॲस्पार्टेटपासून लायसिन आणि थ्रिओनिन या दोहोंकडे जाणारा रस्ता एकाच दरवाजातून सुरू होतो. ॲस्पार्टोकायनेज या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, तो दरवाजा लायसिन आणि थ्रिओनिन दोन्ही पुरेसे झाले की बंद होतो. दोघांपैकी एकच साठले तर तो तितकासा बंद होत नाही. 1958 मध्ये किनोशितांच्या गटाने याच स्वभावाचा फायदा घेतला. त्यांनी असा उत्परिवर्तित वाण निवडला, ज्याला थ्रिओनिनच्या आधीची पायरी असलेले होमोसेरिन बनवता येत नाही आणि म्हणून थ्रिओनिनही बनवता येत नाही. माध्यमात थ्रिओनिन मोजकेच दिले की दरवाजा उघडा राहतो आणि लायसिन तयार होत राहते. पुढे लायसिनसारख्या दिसणाऱ्या रसायनांना न जुमानणारे वाण निवडले गेले, 1996 मध्ये लायसिन पेशीबाहेर नेणारे एलवायएसई हे वाहक प्रथिन ओळखले गेले, आणि 2003 मध्ये या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. आज जगभरात दरवर्षी वीस लाख टनांहून अधिक लायसिन तयार होते. माझ्या बशीतील चिमूटभर स्फटिकांमागे ही सगळी परंपरा आहे, हे गोणी उघडताना माझ्या मनात असतेच.

कारखान्यातील किण्वनाची टाकी काही लाख लिटरची असू शकते. तिच्यात मळी किंवा पिष्टापासून मिळवलेले ग्लुकोज थोडे थोडे सोडत राहावे लागते, कारण साखर एकदम ओतली तर जिवाणू तिचा नीट उपयोग करू शकत नाही. अमोनिया दोन कामे करतो: तो लायसिनच्या रेणूला लागणारा नायट्रोजन पुरवतो आणि सामू, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा (pH), 7 च्या आसपास टिकवतो. तापमान 30 अंश सेल्सिअसच्या थोडे वर ठेवतात आणि हवा अखंड फुंकत राहतात. प्राणवायू कमी पडला की जिवाणू लायसिन सोडून इतर आम्ले बनवू लागतो. एवढी साखर एवढ्या वेगाने पचली की टाकी तापते, म्हणून थंड पाण्याची वेटोळी अहोरात्र चालू असतात. फेस आवरावा लागतो, आणि जिवाणूंवर जगणारे विषाणू, म्हणजे फाज, आत शिरले तर संपूर्ण टाकी हातची जाते. दोन-तीन दिवसांनी लिटरमागे शंभर ग्रॅमहून अधिक लायसिन असलेला जो गढूळ, तपकिरी रस तयार होतो, तेथपर्यंत माझ्या दोन्ही गोण्यांचा प्रवास एकच असतो. फरक पडतो तो त्यानंतर.

हायड्रोक्लोराइडच्या वाटेवर या रसातून आधी पेशी वेगळ्या काढतात. मग तो आयन-विनिमय राळेच्या स्तंभातून नेतात. लायसिन धनभारित असल्यामुळे राळेला चिकटून राहते, साखर आणि रंग वाहून जातात, आणि नंतर अमोनियाच्या द्रावणाने लायसिन सोडवून घेतात. त्यानंतर बाष्पीभवन, हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू उतरवणे, स्फटिकीकरण आणि वाळवणे. या वाटेवर पाणी, आम्ल आणि अल्कली भरपूर खर्च होते आणि क्षारयुक्त सांडपाणी मागे उरते. सल्फेटच्या वाटेवर शुद्धीकरणाचा हा बहुतेक भाग गाळलेला असतो. रसात गंधकाम्ल मिसळतात, उष्णता देऊन जिवाणू मारतात, पाणी उडवतात, आणि मेलेल्या पेशींसह सगळे दाट द्रावण फवारून त्याचे दाणे करतात. म्हणून सल्फेटच्या दाण्यात लायसिनबरोबर संपूर्ण किण्वन बंद झालेले असते: जिवाणूंची प्रथिने, उरलेली साखर, फॉस्फरस, अमोनियम सल्फेट आणि मळी वापरली असेल तर तिचा रंगही. या उत्पादनाचे सगळे गुण आणि सगळे धोके याच एका गोष्टीतून निघतात.

आता गोणीवरच्या आकड्याकडे येते. हायड्रोक्लोराइडच्या गोणीवर ‘98.5 टक्के’ असे ठळक छापलेले असते. हा आकडा क्षाराच्या शुद्धतेचा आहे, लायसिनचा नव्हे. लायसिनचा रेणुभार 146.19 आणि मोनोहायड्रोक्लोराइडचा 182.65; म्हणजे शुद्ध क्षारातही लायसिन 80 टक्केच, आणि 98.5 टक्के शुद्ध मालात 78.8 टक्के. एका सहकाऱ्याने संगणकातील सूत्रात लायसिनच्या रकान्यात थेट 98.5 भरलेले मी एकदा पकडले होते. टनामागे 2 किलो लायसिन हवे असताना त्या हिशेबाने 2.03 किलो भुकटी पडत होती आणि त्यातून प्रत्यक्षात 1.60 किलोच लायसिन मिळत होते. म्हणजे वीस टक्के तूट. चूक माणसाची होती हे खरे, परंतु लायसिनचा खरा आकडा बारीक अक्षरांत आणि क्षाराचा आकडा गोणीच्या मधोमध छापण्याची पद्धत अशा चुकीला आमंत्रण देते. सल्फेटच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो, कारण शुद्ध लायसिन सल्फेटमध्ये लायसिन 74.9 टक्के असते आणि गोणीवर कधी क्षाराचा, कधी लायसिनचा आकडा असतो. माझ्या समोरच्या गोणीवर ‘लायसिन किमान 55 टक्के’ असे स्वच्छ लिहिलेले आहे आणि त्याबद्दल मी या उत्पादकाला पूर्ण गुण देते. या आकड्यावर विसंबायचे तर 1 किलो हायड्रोक्लोराइडच्या जागी 1.43 किलो सल्फेट घालावे लागते. दर कितीही आकर्षक असला तरी तुलना नेहमी किलोभर लायसिनमागे करावी, किलोभर मालामागे कधीही करू नये.

हायड्रोक्लोराइडची तपासणी सरळ असते, आणि हा त्याचा फार मोठा गुण आहे. पाण्यात टाकल्याबरोबर स्फटिक विरघळतात आणि द्रावण पारदर्शक, फार तर फिकट पिवळे दिसते. तळाशी काही उरले तर ते तेथे असायला नको होते. दहा टक्के द्रावणाचा सामू 5 ते 6 च्या दरम्यान येतो. अमिनो आम्ले ओळखणाऱ्या निनहायड्रिन या रसायनाचा थेंब टाकून गरम केले की गडद जांभळा रंग उमटतो; हातमोजा फाटलेला असेल तर तोच जांभळा डाग बोटावर दोन-तीन दिवस राहतो. द्रावण प्रकाशाचे प्रतल किती वळवते हे मोजणारे पोलारिमीटर उपलब्ध असेल तर सहा नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लातील द्रावणाचे विशिष्ट वलन सुमारे +20 ते +21 अंश येते, आणि डीएल मिश्रण मिसळलेले असेल तर हा आकडा ताबडतोब घसरतो. ओलावा एका टक्क्याच्या आत असावा. माझ्याकडे आलेल्या हायड्रोक्लोराइडच्या लॉटमध्ये मला या कसोट्यांवर फारच क्वचित खोट सापडली आहे. साधी प्रयोगशाळा असलेल्या छोट्या कारखान्यालाही हा माल स्वतःच्या डोळ्यांनी पारखता येतो.

सल्फेटची पारख अशी होत नाही. ते पाण्यात टाकले की द्रावण काळपट होते आणि पेशींचा गाळ तळाशी बसतो, हे त्याच्या स्वभावातच आहे. त्यामुळे गाळ दिसला म्हणून माल वाईट आहे असेही म्हणता येत नाही आणि चांगला आहे असेही म्हणता येत नाही. केल्डाल पद्धतीने नायट्रोजन मोजला तर त्यात लायसिनचा, जिवाणूंच्या प्रथिनांचा आणि अमोनियम सल्फेटचा असा तिन्ही नायट्रोजन एकत्र मोजला जातो. निनहायड्रिनचा जांभळा रंगही इतर अमिनो आम्लांमुळे येतो. येथे खरा निर्णय फक्त क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत, देते, आणि तेथेही नमुना कसा तयार केला हे विचारावे लागते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात दाणे ढवळून गाळलेले द्रावण यंत्रात सोडले तर मुक्त लायसिन कळते. दाणे तीव्र आम्लात रात्रभर उकळून मग मोजले तर जिवाणूंच्या प्रथिनांत बांधलेले लायसिनही त्यात मिळते आणि आकडा फुगतो. दोन्ही आकडे खरे असतात. परंतु बांधलेले लायसिन प्राण्याला पेशी पचवून मिळवावे लागते, आणि आपण सूत्रात मुक्त लायसिन म्हणून ज्याची शंभर टक्के पचनीयता धरतो ते हे नव्हे.

माझी मुख्य तक्रार येथेच आहे. एका पुरवठादाराकडून आलेल्या सल्फेटच्या लॉटसोबतच्या विश्लेषण प्रमाणपत्रावर 55 टक्क्यांहून वरचा आकडा होता. आम्ही मुक्त लायसिन तपासले तेव्हा ते त्या आकड्यापेक्षा स्पष्टपणे कमी भरले. पुन्हा नमुना काढला, वेगळ्या गोण्यांतून काढला, बाहेरच्या प्रयोगशाळेकडे पाठवला, निकाल तोच. मग एक साधी गोष्ट करून पाहिली: परीक्षानळीत दाणे घेऊन सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात गरम केले आणि तोंडाशी ओला लाल लिटमस धरला. कागद क्षणार्धात निळा झाला आणि अमोनियाचा झोत नाकात गेला. किण्वनातील थोडा अमोनियम क्षार दाण्यात राहणारच, परंतु येथे तो खूपच होता. दुसऱ्या उत्पादकाच्या मालाबरोबर हीच चाचणी शेजारी शेजारी केली तेव्हा फरक नाकालाच कळत होता. विचारणा केल्यावर, प्रमाणपत्रातील आकडा एकूण लायसिनचा असल्याचे आणि तशी नोंद करण्याची त्यांची पद्धत असल्याचे उत्तर आले. फसवणुकीचा आरोप मी करत नाही. पण ज्या खरेदीदाराकडे क्रोमॅटोग्राफीची सोय नाही, त्याला ही तूट कळली असती ती कळपाचे वजन उतरल्यावरच, आणि तेव्हाही दोष पिल्लांवर, पाण्यावर नाहीतर हवामानावर गेला असता. हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

वापरताना मात्र दोन्हींचे पारडे फिरते, हे मान्य केले पाहिजे. टनामागे दोन-तीन किलो एवढी अल्प वस्तू सगळीकडे सारखी पसरणे हे मिक्सरसमोरचे मोठे काम असते. सल्फेटचे दाणे मुक्तपणे वाहतात, धूळ जवळजवळ उडत नाही आणि स्वयंचलित वजनकाट्याच्या डब्यात ते अडकून बसत नाहीत. हायड्रोक्लोराइड ओलावा ओढून घेते. पावसाळी हवेत गोणीचे तोंड उघडे राहिले तर दुसऱ्या दिवशी त्याचे ढेकूळ झालेले असते, आणि ढेकूळ मिक्सरमध्ये गेले म्हणजे कुठे लायसिनचा खडा, तर कुठे काहीच नाही अशी अवस्था होते. आमच्या एका कामगाराने अर्धी गोणी तशीच गुंडाळून ठेवली होती; ती फोडायला हातोडी घ्यावी लागली. तेव्हापासून उघडलेली गोणी त्याच पाळीत संपवायची किंवा आतले प्लास्टिक अस्तर घट्ट बांधून ठेवायचे, असा नियम आम्ही केला. सल्फेटचे दाणेही ओलाव्यापासून पूर्ण मुक्त नाहीत. उरलेल्या शर्करेमुळे ते उष्ण गोदामात दीर्घकाळ ठेवले तर आणखी काळवंडतात. लायसिनचा मोकळा अमिनो गट साखरेशी संयोग पावतो आणि तेवढे लायसिन प्राण्याला मिळत नाही. म्हणून गोणीवरील उत्पादनाची तारीख सल्फेटच्या बाबतीत मी अधिक बारकाईने पाहते.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या सूत्रात एक मुद्दा सहज नजरेआड होतो. लायसिन हायड्रोक्लोराइडमध्ये वजनाच्या 19.4 टक्के क्लोराइड असते. टनामागे 3 किलो घातले की सुमारे 0.58 किलो क्लोराइड खाद्यात येते, म्हणजे जवळजवळ 1 किलो मिठातून येईल तेवढे. हे ध्यानात न घेता मीठ नेहमीइतकेच ठेवले, तर रक्तातील आम्ल-अल्कली संतुलन आम्लाकडे झुकते आणि अंड्याच्या कवचाची प्रत घसरते. उपाय अवघड नाही: मिठाचा काही भाग कमी करून सोडियम बायकार्बोनेट वापरावे. सल्फेटच्या मालात हा प्रश्न उद्भवत नाही, आणि कवचाच्या तक्रारी असलेल्या ग्राहकासाठी मी केवळ या कारणाने सल्फेट निवडले आहे. सल्फेटबरोबर येणारी जिवाणूंची प्रथिने आणि फॉस्फरस यांचाही थोडा लाभ मिळतो. उत्पादक हा लाभ फार मोठा करून सांगतात. मी तो सूत्रात अगदी हात राखून धरते.

आता शुद्धीकरण गाळणे धोक्याचे आहे का, या प्रश्नाकडे. किण्वनाच्या इतिहासात एक दुःखद प्रकरण आहे, ज्याचा विसर या क्षेत्रातील कोणालाही पडू नये. 1989 मध्ये आहारपूरक म्हणून विकलेल्या एल-ट्रिप्टोफॅनमुळे अमेरिकेत दीड हजारांहून अधिक लोकांना स्नायूंच्या तीव्र वेदना आणि रक्तातील इओसिनोफिल पेशी प्रचंड वाढणे असा आजार झाला, आणि तीसहून अधिक लोक दगावले. माग काढता काढता तपास जपानमधील एका उत्पादकाच्या मालापर्यंत पोहोचला. तेथे जिवाणूचा नवा वाण वापरात आला होता आणि साधारण त्याच काळात शुद्धीकरणातील सक्रिय कोळशाचे प्रमाण कमी केले गेले होते. त्या मालात अत्यल्प प्रमाणात पण अनोळखी अशुद्धी सापडल्या. ट्रिप्टोफॅनची शुद्धता तेव्हाही 98 टक्क्यांच्या वर होती. लायसिन सल्फेटची तुलना मी त्या प्रकरणाशी करत नाही; कोरिनेबॅक्टेरियम हा दीर्घकाळ निर्धोक ठरलेला जिवाणू आहे आणि पशुखाद्यातील सल्फेटचा वापर चाचण्यांनी तपासलेला आहे. पण त्या घटनेमुळे मी उत्पादकाला एक प्रश्न हमखास विचारते: वाण बदलला किंवा शुद्धीकरणाची पायरी बदलली, तर तुम्ही आम्हाला कळवता का? संपूर्ण किण्वन ज्या दाण्यात उतरते त्या मालाच्या बाबतीत या प्रश्नाचे मोल दुप्पट होते.

याच अनुषंगाने वाणाचे नावही विचारावे. लायसिन कोरिनेबॅक्टेरियमप्रमाणेच एश्चेरिशिया कोलायच्या वाणांनीही बनवतात. कोलायच्या पेशीभित्तिकेत एंडोटॉक्सिन हा दाह निर्माण करणारा विषारी घटक असतो, कोरिनेबॅक्टेरियममध्ये ते नसते. प्राण्याच्या पोटात गेलेल्या अल्प प्रमाणाची मला चिंता नाही, परंतु दिवसभर गोण्या फोडणाऱ्या कामगाराच्या श्वासात जाणाऱ्या धुळीची आहे. हायड्रोक्लोराइडची भुकटी रिकामी करताना आमच्याकडे मुखपट्टी सक्तीची आहे, वाण कोणताही असो.

थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलिन ही किण्वनाने येणारी इतर अमिनो आम्लेही मी वापरते. त्यांचा स्वतंत्र विचार येथे करत नाही, कारण ती बहुधा शुद्ध स्फटिकरूपातच येतात. द्रवरूप लायसिन मात्र उल्लेखनीय आहे. ते निम्मे पाणी आणि निम्मे लायसिन असलेले तपकिरी द्रावण असून ज्या मोठ्या कारखान्यात टाकी, पंप आणि फवारणीची व्यवस्था आहे तेथे धूळ आणि ढेकळे दोन्हींपासून सुटका करते. उत्पादकाच्या कारखान्यापासून दूर असणाऱ्याने मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये; निम्मे वजन पाण्याचे वाहून आणावे लागते.

माझा निर्णय असा आहे. ज्यांच्याकडे क्रोमॅटोग्राफीची सोय नाही आणि दर लॉट बाहेर तपासून घेणे परवडत नाही, त्यांनी हायड्रोक्लोराइडच घ्यावे. त्याचे शुद्धीकरण कारखान्याने केलेले असते आणि ते झाले आहे की नाही हे आपल्याला साध्या साधनांनी पडताळता येते. ढेकळांचा आणि क्लोराइडचा त्रास शिस्तीने आवाक्यात ठेवता येतो. उत्पादन म्हणून त्याला मी पाचपैकी साडेचार गुण देते, अर्धा गुण गोणीवरच्या त्या दिशाभूल करणाऱ्या आकड्यासाठी कापते. ज्यांच्याकडे स्वतःची तपासणी आहे, त्यांनी सल्फेटचा गांभीर्याने विचार करावा. चांगल्या उत्पादकाचे सल्फेट किलोभर लायसिनमागे बहुधा स्वस्त पडते, मिसळायला सोपे असते आणि त्याच्या निर्मितीत सांडपाणी कमी निघते, ही शेवटची गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. समोरच्या बशीतील दाण्यांना मी चार गुण देते. तक्रारीच्या लॉटला दोनही देणार नाही.

सल्फेटची पुढची मागणी नोंदवताना मी करारात तीन आकडे वेगवेगळे लिहून मागितले आहेत: सौम्य आम्लात काढलेले मुक्त लायसिन, अमोनियाच्या रूपातील नायट्रोजन आणि उरलेली शर्करा. दोन पुरवठादारांपैकी एकाने ते त्याच दिवशी पाठवले. दुसऱ्याने, हे आकडे आम्ही सहसा देत नाही, असे कळवले आहे. त्याची गोणी आमच्या गोदामात येणार नाही.